बोटभर गुंडाळीतलं पाणी

पहिल्यांदा घरी सिगारा बोरेई, म्हणजे चीज भरून तळायचे तुर्की रोल, केले तेव्हा बारापैकी सात कढईतच फुटले. एकाचं तर तोंड उघडलं, आतलं चीज तेलात पसरलं आणि त्याची काळपट जाळी झाली. दिवाळीत एखादी करंजी उलली की तेल गढूळ होतं आणि पुढच्या प्रत्येक घाण्याला जळका वास लागतो, तसंच झालं. चूक शोधता शोधता लक्षात आलं की या पदार्थात चवीपेक्षा पाण्याची भानगड मोठी आहे. ते कुठे हवं, कुठे नको आणि तळताना कुठून बाहेर पडावं, सगळा खेळ एवढ्याचाच.

‘बोरेक’ हे तुर्कस्तानातल्या पातळ पाऱ्यांच्या पदार्थांचं कुळनाव. त्यात पाऱ्या चक्क पाण्यात उकडून थरांत रचायचा ‘सू बोरेई’ आहे (सू म्हणजे पाणी) आणि सिगारेटसारखा वळून तळायचा हा सिगारा बोरेईही आहे. सिगारेटचं नाव नको म्हणून काही जण त्याला ‘कालेम बोरेई’, म्हणजे पेनासारखा बोरेक म्हणतात. न्याहारीला चालतो, चहाबरोबर चालतो, आणि बायकांच्या ‘ग्यून’ला तर हटकून असतो. ग्यून म्हणजे जवळपास आपली भिशीच. पाळीपाळीने एकेकीच्या घरी जमायचं, त्या दिवशीच्या यजमानीणबाईंना प्रत्येकीने ठरलेलं सोन्याचं नाणं द्यायचं, आणि मग चहा, बोरेक, गप्पा.

पारीपासून सुरुवात करू. तिला म्हणतात युफ्का. मैदा, पाणी, मीठ, बस. मोहन नाही, यीस्ट नाही. मोहन का नाही, हे करंजीशी ताडून पाहिलं की कळतं. गव्हाच्या पिठात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही दोन प्रथिनं असतात. पाणी मिळालं आणि कणीक तिंबली की ती एकमेकांत गुंतून ग्लुटेनचं जाळं तयार होतं. एक प्रथिन जाळ्याला ताणून परत येण्याचा गुण देतं, दुसरं लांबत जाण्याचा. करंजीत आपण कडकडीत मोहन घालतो. ती चरबी पिठाच्या कणांवर बसते, त्यांना पुरतं पाणी मिळू देत नाही, जाळं तुटक राहतं आणि पारी खुसखुशीत होते. युफ्काला खुसखुशीतपणा नकोच आहे. तिला वर्तमानपत्राच्या पानाएवढी मोठी आणि हाताखालचं दिसेल इतकी पातळ व्हायचंय, न फाटता. त्यासाठी जाळं अखंड हवं. म्हणून युफ्का कुरकुरीत होते, खुसखुशीत नाही. हे दोन शब्द आपण जेवताना सहज अदलाबदल करतो, पण दोन्हींमागचं रसायन वेगळं आहे.

पीठ भिजवून अर्धा तास झाकून ठेवायचं. लगेच लाटलं तर पोळी लाटण्यामागे आक्रसत येते, कारण तिंबताना ताणलेलं जाळं अजून ताठ असतं. मुरलं की ते सैलावतं. तुर्की बायका लाटायला ‘ओक्लावा’ वापरतात. हे आपल्या लाटण्यापेक्षा कितीतरी लांब आणि बोटाएवढं बारीक. पोळी त्यावर गुंडाळायची आणि तळवे मधून टोकांकडे सरकवत पुढेमागे फिरवायची. गुंडाळलेले सगळे थर एकदम पातळ होतात.

मग ती ‘साच’वर पडते, म्हणजे फुगीर बाजू वर असलेल्या लोखंडी तव्यावर. खानदेशात पालथ्या खापरावर मांडे भाजताना पाहिलेल्या माणसाला हे दृश्य परकं वाटणार नाही. इथे ती पूर्ण भाजत नाहीत, जेमतेम शेकतात. पृष्ठभागावरचा स्टार्च साठ-सत्तर अंशांच्या पुढे पाणी पिऊन फुगतो आणि मग वरून कोरडा पडून बसतो, त्यामुळे पाऱ्या एकावर एक रचल्या तरी चिकटत नाहीत. पण ओलावा पुरेसा राहतो, त्यामुळे पारी मुडपता येते. हे तंत्र फार जुनं आहे. महमूद अल-काशगरीच्या अकराव्या शतकातल्या तुर्की शब्दकोशात युफ्काचा पूर्वज असलेला शब्द घडीच्या पातळ पोळीसाठी येतो. २०१६ साली युनेस्कोने लवाश, युफ्का आणि त्यांच्या भावंडांची भाजण्या-वाटण्याची परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली. तुर्कस्तानाबरोबर अझरबैजान, इराण, कझाकस्तान आणि किर्गिझस्तान हे देश त्यात आहेत.

अनातोलियातल्या, म्हणजे तुर्कस्तानाच्या आशियाई भागातल्या, खेड्यांत युफ्का कडकडीत वाळवून हिवाळ्यासाठी रचून ठेवतात. खायच्या आधी तिच्यावर पाण्याचा हबका मारून फडक्यात गुंडाळतात. थोड्या वेळात पापडासारखी मोडणारी पारी रुमालासारखी मऊ होते. वाळलेल्या पारीत स्टार्च आणि प्रथिनांचे लांब रेणू जागच्या जागी गोठलेले असतात, काचेसारखे. पाण्याचे चिमुकले रेणू मधे शिरले की त्यांना एकमेकांवरून सरकायला जागा मिळते. विज्ञानात याला काच-संक्रमण म्हणतात. तळताना हेच उलट्या दिशेने घडणार आहे, तेव्हा हा हबका लक्षात ठेवा.

आपल्याकडे युफ्का मिळाली नाही तर समोशाची पट्टी घ्या. रमजानमध्ये मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर जे तिकोनी समोसे मिळतात, त्यांची पट्टीही अशीच अर्धवट शेकलेली असते. दुकानातल्या फिलो पाऱ्या मात्र कच्च्या आणि फारच नाजूक असतात. त्या ओव्हनसाठी ठीक, कढईसाठी नाही.

आता माझ्या फुटलेल्या सात रोलांकडे. मी आत फ्रिजमधलं प्रोसेस्ड चीज किसून भरलं होतं. तुर्की सारणात असतं ‘बेयाझ पेयनिर’, म्हणजे पांढरं चीज, आणि बारीक चिरलेली पार्सली. ‘पेयनिर’ आणि आपलं ‘पनीर’ हे एकाच फारसी शब्दाचे दोन वंशज आहेत, पण वस्तू एक नाही. बेयाझ पेयनिर करताना कोमट दुधात रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, घालतात. त्यातलं विकर (एन्झाइम) दुधातल्या केसीन या प्रथिनाच्या कणांच्या बाहेरची झालर छाटतं आणि कण एकमेकांना चिकटून दही बांधलं जातं. मग ते निथळून, ठोकळे पाडून मिठाच्या पाण्यात मुरवतात. दरम्यान जिवाणू लॅक्टिक आम्ल करत राहतात.

चीज तापल्यावर वाहणार की नाही, हे बरंचसं या आम्लावर आणि कॅल्शियमवर ठरतं. कॅल्शियम केसीनच्या कणांना गाठीसारखं बांधून ठेवतं. मोझरेलात आम्ल बेताचं असतं, पीएच (आम्लतेचं माप, जितकं कमी तितकं आंबट) ५.२ च्या आसपास. काही गाठी सुटलेल्या, काही शाबूत, म्हणून ते ताणलं जातं, तारा येतात. बेयाझ पेयनिरचं पीएच पाचच्या खाली उतरतं. तिथे केसीनवरचा विद्युतभार जवळजवळ संपतो, एकमेकांना दूर ठेवणारं काही उरत नाही आणि कण घट्ट बिलगतात. असं चीज तापवलं तर नरम होतं, पण वाहत नाही. प्रोसेस्ड चीजमध्ये याच्या नेमकं उलट केलेलं असतं. त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार घालून कॅल्शियम पकडून ठेवतात, जेणेकरून ते गुळगुळीत वितळावं. सँडविचला ते गुण आहे, माझ्या कढईत तो दुर्गुण ठरला.

पनीर मात्र चालतं. दूध चांगलं तापवून मग आम्लाने फाडलेलं असल्यामुळे त्यात एरवी निवळीबरोबर जाणारी प्रथिनंही केसीनला चिकटलेली असतात. ते कितीही तापवा, वितळत नाही. फक्त चव सपक. चिमूटभर जास्त मीठ आणि चमचाभर घट्ट चक्का घातला की बेयाझ पेयनिरच्या खारट-आंबट चवीजवळ जाता येतं. पार्सली नसेल तर कोथिंबीर घाला. दोघी एकाच कुळातल्या आहेत, पण चव वेगळी येईल, हे मान्य करून. मीठ आणि हिरवं पान एकत्र आलं की पानातलं पाणी बाहेर सुटतं. म्हणून पानं धुवून कोरडी करायची आणि सारण कालवायचं ते वळायला बसल्यावरच.

पाण्याची एवढी धास्ती का, याचा हिशेब करू. एका रोलमध्ये दहा ग्रॅम सारण धरलं तर त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. त्यातल्या फक्त एका ग्रॅमची वाफ झाली तरी ती सुमारे १.७ लिटर जागा मागते. मुटकुळं केलेल्या पारीत एवढी जागा कुठून येणार? वाफ थरांच्या फटींतून निघून गेली तर ठीक, एकाच ठिकाणी साचली तर भोक पाडते. त्यामुळे रोल आवळून वळायचा नाही. सैलही नको, नाहीतर तेल आत शिरतं. त्रिकोणी तुकड्याच्या रुंद बाजूला सारणाची बारीक ओळ, दोन्ही कडा आत दुमडायच्या, मग वळत टोकापर्यंत. टोकाला पाण्याचं बोट लावायचं: ओला स्टार्च खळीसारखा चिकटतो आणि गरम तेलात तो जोड शिजून पक्का होतो.

बोटाएवढी जाडी ही नुसती हौस नाही. उष्णता आत झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. दुप्पट जाड रोलला चौपट वेळ. दीड सेंटिमीटरचा रोल मधोमध गरम व्हायला दीड-दोन मिनिटं पुरतात आणि तेवढ्यातच पारी सोनेरी होते. तीन सेंटिमीटरचा केलात तर बाहेरून करपेल आणि आत चीज गार राहील. (हाच नियम मिठाला लागू आहे. खूप खारट चीज पाण्यात ठेवून उतरवायचं असेल तर ठोकळ्याच्या पातळ चकत्या करा, काम झटपट होईल.)

तेल १७० ते १८० अंश. थर्मामीटर नसेल तर पारीचा तुकडा टाकून पाहा. तळाला बसून राहिला तर थांबा, लगेच बुडबुड्यांसह वर आला की सोडा. जोडाची बाजू खाली. हे बुडबुडे तेलाचे नाहीत, पारीतून निघणाऱ्या वाफेचे आहेत. जोवर ते जोरात येतात तोवर वाफेचा लोंढा तेलाला आत येऊ देत नाही आणि पारीचं तापमान शंभरच्या फारसं वर जात नाही. पाणी संपत आलं की आवाज मंदावतो, पृष्ठभाग तापतो आणि १४० अंशांच्या पुढे शर्करा आणि अमिनो आम्लांचा तो ओळखीचा भाजका रंग आणि वास येतो. म्हणून अनुभवी हात रंगाइतकाच आवाजही ऐकतो.

तेल पितात ते बहुतेक नंतर, झाऱ्यावर. रोल बाहेर काढला की आतली वाफ गार होऊन आक्रसते, पोकळी तयार होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. तेव्हा पहिल्या काही सेकंदांतच झटकून निथळायचं, मग जाळीवर उभे करायचे. डब्यात घालून झाकण लावलंत तर वाफ पारीत परतेल, आणि वाळलेल्या युफ्कावरच्या त्या हबक्यासारखं तुमचे कुरकुरीत रोल दहा मिनिटांत रुमाल होतील. मायक्रोवेव्हमध्येही तेच होतं, कारण तिथे आतलं पाणी तापून बाहेर येतं आणि पारीतच अडकतं. उरलेले ओव्हनमध्ये किंवा कोरड्या तव्यावर गरम करा. कच्चे रोल फ्रीझरमध्ये छान टिकतात. फक्त तळण्याआधी वितळू देऊ नका, वरचा बर्फाचा भुगा झटकून तसेच सोडा आणि एक पाऊल मागे उभे राहा.

परवा पनीरचे केले, चोवीस. एकच फुटला. त्याच्या टोकाला पाणी लावायचं राहिलं होतं, मधेच फोन वाजला म्हणून.