ताणाची संप्रेरके

धोका किंवा दडपण जाणवताच शरीराला त्याला तोंड देण्यासाठी सज्ज करणारी संप्रेरके (हार्मोन्स). ॲड्रेनलिन, नॉरॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही त्यांतली प्रमुख. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून ती रक्तात येतात. एकेका ग्रंथीचे वजन जेमतेम ४-५ ग्रॅम. पहिली दोन ग्रंथीच्या गाभ्यात तयार होतात, कॉर्टिसोल बाहेरच्या थरात. ॲड्रेनलिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले ते जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी, १९०१ च्या सुमारास.

पुण्यातल्या अलका चौकात दुचाकीपुढची पीएमपी बस अचानक थांबते. ब्रेक दाबला जातो तो मज्जासंस्थेमुळे. संप्रेरक मागाहून पोहोचते. छातीतली धडधड, हँडलवर घामेजलेले तळवे ही नंतरची गोष्ट. मेंदूचा निरोप मज्जातंतूंवाटे थेट अधिवृक्काच्या गाभ्याला जातो आणि काही सेकंदांत ॲड्रेनलिन रक्तात उतरते. नाडी वाढते, श्वासनलिका रुंदावतात, यकृत साठवलेली साखर मोकळी करते, पचन मागे पडते. रक्तातले ॲड्रेनलिन दोन-तीन मिनिटांतच निम्मे होते, म्हणून लकडी पूल ओलांडेपर्यंत जीव बराचसा थाऱ्यावर येतो.

कॉर्टिसोलची चाल संथ. मेंदूतला अधश्चेतक (हायपोथॅलॅमस) हा भाग मेंदूखालच्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीला चेतवतो, पीयूषिका अधिवृक्काला. पातळी शिगेला पोहोचायला साधारण २०-३० मिनिटे लागतात. तोवर दुचाकीस्वार कोथरूडला घरी चहा घेत असतो. कॉर्टिसोल पेशींत शिरून जनुकांचे काम बदलते, यकृताला नवी साखर बनवायला लावते, दाह आवरते. आणि पुरेसे झाले की तेच मेंदूला ‘आता थांबा’ असे कळवते. हा लगाम या यंत्रणेचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. कॉर्टिसोलसारखेच काम करणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या की मेंदू हाच निरोप मिळाला असे समजतो आणि अधिवृक्क सुस्तावते. त्यामुळे त्या आपल्या मनाने एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते. डॉक्टर त्या टप्प्याटप्प्याने उतरवतात.

कॉर्टिसोलला शत्रू ठरवणे चूक आहे. ते नसेल तर साधा ताप किंवा शस्त्रक्रियाही शरीराला झेपत नाही. ताण नसतानाही त्याची रोजची लय असते: पहाटे चढते, मध्यरात्री सर्वांत खाली येते. लॅबमध्ये रक्त सकाळी ८ च्या सुमारास मागतात ते यासाठीच. हिंजवडीत रात्रपाळी करणाऱ्यांची ही लय झोपेशी जुळत नाही.

अडचण होते ती न संपणाऱ्या ताणाची. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणाऱ्याला बस आडवी येत नाही. पुढे ढकललेली परीक्षा, खोलीचे भाडे, घरून येणारा फोन, हे महिनोन्‌महिने चालते. लगाम सैल पडतो. झोप उडते, रक्तदाब आणि साखर वाढू लागते. आठवणींशी संबंधित असलेल्या मेंदूच्या भागात कॉर्टिसोलचे ग्राही (ते ज्यांना चिकटून काम करते ते रेणू) भरपूर असतात, आणि त्याची पातळी चढलेली असताना साठवलेले बाहेर काढणे जड जाते. पाठ असलेले उत्तर परीक्षागृहात आठवले नाही, तर अभ्यास कमी पडला असेच नसते.