सी सत्चनालाय

थायलंडच्या सुखोथाय प्रांतातील, योम नदीकाठचे प्राचीन मंदिरनगर. नावाचे संस्कृत मूळ ‘श्रीसज्जनालय’. त्याचप्रमाणे सुखोथाय म्हणजे सुखोदय. सुखोथायच्या उत्तरेस सुमारे ६० किमी.वर असलेले हे नगर १३व्या-१४व्या शतकांत सुखोथाय राज्याचे दुसरे मोठे केंद्र होते. सुखोथाय व काम्फेंग फेत यांच्यासह १९९१ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून नोंदवले. पर्यटकांची गर्दी मात्र सुखोथायलाच थांबते. इथे सकाळी सायकल घेऊन निघावे, तटाच्या आत बराच वेळ झाडे, पाखरे आणि आपण एवढेच असतो.

नगर उभे आहे ते जांभ्यावर. कोकणातल्या माणसाला हा दगड ओळखीचाच : जमिनीतून काढताना मऊ, वाऱ्या-उन्हाने टणक होणारा. त्यावर चुन्याचा गिलावा चढवून नक्षी काढत. आता गिलावा बहुतेक ठिकाणी गळून पडला आहे. ‘वट चांग लोम’ या मंदिराच्या घंटाकृती स्तूपाभोवती ३९ हत्ती उभे आहेत. इतरत्र भिंतीतून नुसता पुढचा अर्धा हत्ती डोकावतो, इथे तो अख्खा घडवलेला आहे. कित्येकांच्या सोंडा गेल्या आहेत. जवळ जाऊन पाहिले की पोटाखालचे चिरे आणि त्यांच्या सांध्यांत अडकलेला पांढरा चुना दिसतो. हत्ती कसा रचला, हे तो मोडल्यामुळेच कळते.

सुखोथायचा राजा रामखामहेंग याच्या नावाच्या शिलालेखात शके १२०७ (इ.स. १२८५) मध्ये पवित्र धातू (म्हणजे पूजनीय अस्थी-अवशेष) उकरून काढले, महिना व सहा दिवस पूजले आणि नगराच्या मध्यभागी पुरून वर सहा वर्षांत स्तूप उभारला, असे कोरले आहे. वट चांग लोमचा स्तूप हाच तो, असे सहसा मानतात. आपल्या पंचांगातली शकगणना इतक्या दूर दगडावर भेटते, याचे अप्रूप वाटते.

‘वट नांग फया’ मंदिराच्या एका भिंतीवर चुन्यातली वेलबुट्टी टिकून आहे. त्याच नक्षीवरून इथले सोनार आजही दागिने घडवतात. घाई असली तरी ही भिंत चुकवू नये.

नगराच्या आग्नेयेस, योमच्या वळणात, त्याहून जुनी चालियांग वस्ती आहे. तिथल्या महाथात मंदिरात चालत्या बुद्धाचे उठावशिल्प आहे : एक पाऊल पुढे, टाच उचललेली, वस्त्र अंगालगत. दगड-चुन्यात इतकी हलकी चाल क्वचितच दिसते.

उत्तरेस बान को नोई येथे सांगखालोक भांड्यांच्या भट्ट्या आहेत. हा शब्द ‘सवानखालोक’, म्हणजे स्वर्गलोक, या नगराच्या नंतरच्या नावावरून आला. हिरवट झिलईची ही भांडी १४व्या ते १६व्या शतकांत इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि जपानपर्यंत जात. उत्खननात भट्ट्यांवर भट्ट्या, असे थर निघाले. काहींवर छप्पर घालून तिथेच संग्रहालय केले आहे.