शिकता शिकता सामाजिक काम: ठाणे-नवी मुंबईच्या विद्यार्थ्यांसाठी अर्ज, अटी आणि कागदपत्रं

सामाजिक संस्थेत काम मिळणं अवघड नाही. शनिवारी मोकळा असलेला, मोबाइलवर फॉर्म भरता येणारा आणि वस्तीत जाऊन नीट मराठीत बोलणारा विद्यार्थी ठाण्या-बेलापूरकडच्या बहुतेक संस्थांना हवाच असतो. अडतं ते पुढे. तास कुणी मोजलेलेच नसतात, सही करणाऱ्या ताई संस्था सोडून गेलेल्या असतात, कॉलेज म्हणतं हे काम क्रेडिटमध्ये (अभ्यासक्रमाच्या श्रेयांकांत) बसत नाही. नाहीतर ज्या योजनेत अर्ज भरला ती शिकणाऱ्या मुलांसाठी नव्हतीच, असं कळतं. म्हणून अर्जाआधी दोन प्रश्न सोडवा: मी आत्ता कुठल्या दारातून आत जाऊ शकतो, आणि माझ्या कामावर शेवटी सही कोण करणार?

शिकत असताना उघडी असलेली दारं

सगळ्यात जवळचं दार कॉलेजातच आहे. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, १९६९ पासून चालू आहे. दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२०, आणि शिवाय सात दिवसांचं एक निवासी शिबिर. नाव नोंदवायचं ते वर्षाच्या सुरुवातीला, कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे. एका युनिटला साधारण शंभर स्वयंसेवक, त्यामुळे गणपतीनंतर विचारायला गेलात तर यादी भरलेली असण्याचीच शक्यता जास्त. शिबिर चुकवून नुसते तास भरले तर प्रमाणपत्राचा प्रश्न येतो, हे पहिल्या दिवशीच ध्यानात घ्या. शिबिर बहुधा कॉलेजने दत्तक घेतलेल्या गावात असतं आणि घरून 'मुलीला सात दिवस पाठवणार नाही' हे उत्तर बऱ्याच वेळा येतं. पालकांशी बोलणं शिबिराच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नका.

दुसरं दार मुंबई विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागाचं. कॉलेजात याला डीएलएलई म्हणतात. इथेही १२० तास, पण निवासी शिबिर नाही. स्त्रियांच्या स्थितीचं सर्वेक्षण, लोकसंख्या शिक्षण, अन्नपूर्णा असे ठरलेले प्रकल्प असतात. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना हे जास्त झेपतं. या कामाचे दहा वाढीव गुण देण्याची पद्धत विद्यापीठात जुनी आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या तुकड्यांत असं काम सह-अभ्यासक्रमाच्या क्रेडिटमध्ये धरलं जातं. तुमच्या तुकडीला यातलं काय लागू आहे, ते सीनियरला विचारू नका. त्याचा नियम वेगळा असू शकतो. कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारा.

तिसरं दार क्रेडिटचं. नव्या धोरणाच्या अभ्यासक्रम-आराखड्यात समुदाय सहभाग (सीईपी), क्षेत्रीय प्रकल्प (फील्ड प्रोजेक्ट) आणि ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी) असे घटक आहेत. हिशेब सोपा आहे: एका क्रेडिटला किमान ३० तास. दोन क्रेडिटचा प्रकल्प म्हणजे ६० तास, चार क्रेडिटचं ओजेटी म्हणजे १२०. गोची अशी की ओजेटी तुमच्या मुख्य विषयाशी जुळलेलं लागतं. बीकॉमच्या मुलाने संस्थेत झाडं लावली तर मार्गदर्शक प्राध्यापक मान डोलावतील, पण क्रेडिट देताना अडतील. त्याच मुलाने संस्थेच्या देणग्यांच्या पावत्या, रोख वही आणि बँक खातं यांचा मेळ घालून दिला, तर हेच ओजेटी उत्तम बसतं. आयटीवाल्याने लाभार्थ्यांची नोंदवही संगणकावर आणावी, मानसशास्त्रवाल्याने समुपदेशकाच्या हाताखाली बसावं. संस्थेला कामाचा मजकूर लिहून देताना विषयाचं नाव त्यात आलंच पाहिजे.

याशिवाय मायभारत हे केंद्राचं पोर्टल आहे, ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेलं, १५ ते २९ वयोगटासाठी. मोबाइल क्रमांकाने नोंदणी होते आणि जवळचे उपक्रम दिसतात. नोंदणी करून ठेवा, पण एकट्या या पोर्टलच्या प्रमाणपत्रावर क्रेडिट मिळेल असं धरून चालू नका.

संस्था खरी आहे का, हे कसं पाहायचं

नाव आवडलं म्हणून अर्ज करू नका. नीति आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर संस्थेचं नाव टाका. नोंद असेल तर राज्य, वर्ष आणि क्रमांक असलेला आयडी दिसतो. न्यास किंवा सोसायटी असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक विचारा; कलम ८ ची कंपनी (कंपनी कायद्याखाली नोंदलेली ना-नफा संस्था) असेल तर तो मार्ग वेगळा. क्रमांक विचारल्यावर चिडणाऱ्या संस्थेत इंटर्नशिप न केलेलीच बरी.

दोन गोष्टी दिसल्या की लगेच मागे फिरा. एक, 'नोंदणी शुल्क' किंवा 'प्रमाणपत्र शुल्क'. दुसरी जास्त फसवी: घरबसल्या इंटर्नशिप, काम म्हणजे नातेवाइकांकडून आणि वर्गातल्या मुलांकडून देणगी गोळा करणं, आणि ठरलेली रक्कम जमली तरच प्रमाणपत्र. यात तुम्ही शिकत काहीच नाही, वर मावशीपासून जिमच्या मित्रापर्यंत सगळ्यांना लिंक पाठवून होते. कॉलेजं हे तास सहसा धरत नाहीत.

अर्जाची मेल आणि जोडायची कागदं

मोठं प्रेरणापत्र लिहू नका. संस्थेच्या समन्वयकाला फक्त एवढं कळायला हवं: कोण, कधी, किती तास, काय करू शकतो. उदाहरणार्थ:

'नमस्कार. मी ठाण्यातल्या महाविद्यालयात द्वितीय वर्ष बीए (समाजशास्त्र) शिकते. मला २ क्रेडिटच्या क्षेत्रीय प्रकल्पासाठी ६० तास काम करायचं आहे. शनिवारी पूर्ण दिवस आणि बुधवारी दुपारी २ नंतर येऊ शकते. मराठी-हिंदी बोलते, मराठीत टंकलेखन येतं. कॉलेजचं पत्र जोडलं आहे. तासांच्या नोंदीवर तुमच्याकडे कोण सही करेल, हे कळवाल का?'

शेवटचं वाक्य गाळू नका. ते वाचून समन्वयकाला कळतं की मुलीला काम संपवायचंय.

मेलसोबत कॉलेजचं शिफारसपत्र किंवा ना-हरकत पत्र (लेटरहेडवर, तारीख आणि शिक्क्यासह), ओळखपत्राची प्रत, शेवटची गुणपत्रिका आणि एका पानाचा बायोडेटा पुरतो. आधार मागितलं तर मास्क केलेलं द्या, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. अठरा पूर्ण नसतील तर पालकांचं संमतिपत्र लागतं. अकरावी-बारावीचीच नाही, प्रथम वर्षाचीही काही मुलं यात अडकतात.

मुलांसोबत काम असेल तर पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला जाऊ शकतो आणि संस्थेने तो मागणं चांगलंच लक्षण आहे. अर्ज ऑनलाइन होतो, पत्त्याचा पुरावा आणि संस्थेचं पत्र लागतं. इथे आपल्याकडची एक हमखास चूक होते. ऐरोली, वाशी, नेरुळ हा भाग ठाणे जिल्ह्यात आहे, पण पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं. खारघर-कामोठे तर रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात; आयुक्तालय मात्र तेच, नवी मुंबई. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात असूनही आयुक्तालय वेगळं. त्यामुळे पोलिसांच्या अर्जात आयुक्तालय बघा, अधिवास दाखल्यात जिल्हा-तालुका बघा. दोन्हीकडे एकच उत्तर टाकलं की अर्ज परत येतो आणि पंधरा दिवस जातात.

बालगृहातल्या मुलांचे फोटो स्टेटसला टाकणं हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे. प्रकल्प अहवालातही चेहरा आणि खरं नाव नको.

खाडीकाठच्या कामाचं गणित निराळं. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिथल्या कांदळवनात साफसफाईला आपापलं उतरायचं नसतं. वन विभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी संस्थेने घेतलेली असावी. काम ओहोटीच्या वेळेनुसार चालतं, म्हणून 'शनिवारी सकाळी ९' असं कायमचं वेळापत्रक मिळणार नाही. गमबूट नसतील तर स्वयंसेवक म्हणून काठावर पोती मोजायचंच काम वाट्याला येतं.

तासांचा तक्ता

इथेच सगळ्यात जास्त मुलं मार खातात. शेवटी एकत्र सही घेऊ म्हणून थांबू नका. एक साधी वही करा, रकाने पाच: तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, केलेलं काम, सही. नोंद अशी हवी: 'सकाळी १० ते दुपारी १.३०, वस्तीतल्या १४ घरांची पाहणी, ११ फॉर्म पूर्ण, ३ घरं बंद, साडेतीन तास.' 'सर्वेक्षण केलं' एवढ्यावर भागत नाही. प्रवासाचे तास यात धरले जात नाहीत. डोंबिवलीहून बेलापूरला यायला-जायला लागणारा वेळ तुमचाच. दर आठवड्याला सही आणि दर महिन्याला त्या पानाचा फोटो.

संपल्यावरच्या पत्रात सुरुवात-शेवटची तारीख, एकूण तास (आकड्यात आणि अक्षरात), कामाचं स्वरूप, संस्थेचा नोंदणी क्रमांक, सही करणाऱ्याचं नाव-हुद्दा आणि शिक्का हवा. पत्रातला तासांचा आकडा वहीतल्या बेरजेशी जुळत नसेल तर कॉलेज आधी वहीच उघडतं.

पदवीनंतरची दारं, ज्यांवर आधीच टकटक होते

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, म्हणजे राज्य सरकारचं विद्यावेतनासह कामाचं प्रशिक्षण, २०२४ मध्ये आली. १८ ते ३५ वय, महाराष्ट्राचा अधिवास. बारावीला महिन्याला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. आधी सहा महिने होते, २०२५ मध्ये कालावधी अकरा महिन्यांचा झाला. नोंदणी महास्वयम पोर्टलवर. पण शिक्षण चालू असलेल्यांना ही योजना नाही. 'बारावी पास' वाचून एसवायची मुलं अर्ज भरतात आणि तिथेच थांबतात. पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा पूर्णवेळ शिकणाऱ्यांना बाहेर ठेवत होती, दूरशिक्षणवाल्यांना चालत होती. वय, शिक्षण आणि रकमेच्या अटी त्या त्या फेरीच्या जाहिरातीत बघा.

पैसे थेट खात्यात येणार असतील तर खात्याची केवायसी झाली म्हणून निश्चिंत होऊ नका. आधार केवायसी (ओळख पडताळणी) वेगळी आणि आधार सीडिंग (सरकारी पैशांसाठी खातं आधारला जोडणं) वेगळं. पैसे जातात ते सीडिंग असलेल्या खात्यात, म्हणजे ज्या बँकेला शेवटचं जोडलंत तिथे. सिम घेताना दुकानदाराने उघडून दिलेलं पेमेंट बँकेचं खातं पुष्कळांच्या लक्षातही नसतं आणि विद्यावेतन तिकडे पडून राहतं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दोन मिनिटांत दिसते.

मुख्यमंत्री फेलोशिपची, म्हणजे तरुणांनी राज्य सरकारसोबत काम करण्याची, उडी मोठी: २०२५-२६ च्या जाहिरातीत वय २१ ते २६, पदवीला किमान ६० टक्के, मराठी लिहिता-बोलता येणं आणि एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव, अशा अटी होत्या. जागा ६०. पूर्णवेळ इंटर्नशिप किंवा आर्टिकलशिप यात धरली जाते, शनिवार-रविवारचे तास नाही. पदवीनंतर लगेच फेलोशिप म्हणणाऱ्यांनी हे वर्ष आधीच हिशेबात धरावं.

याच क्षेत्रात राहायचं असेल तर समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी (एमएसडब्ल्यू किंवा एमए). देवनारच्या टिसला (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. वाशीहून हार्बरने मानखुर्दनंतरचं गोवंडी स्टेशन. तिथे तुमची ती वही कुणी तपासत नाही, पण मुलाखतीला 'वस्तीत काय दिसलं' असा प्रश्न आला तर त्या चौदा घरांपैकी बंद असलेली तीन कुठली आणि का, हे सांगता यावं.

शेवटचं, नावाचं. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आईचं नावही असतं. आधारवर स्वतःचं, वडिलांचं, मग आडनाव. पोर्टल या दोघांना एक माणूस मानत नाही. पहिला अर्ज भरण्याआधीच आधार, बँक आणि एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणारं खातं) यांवरचं नाव अक्षरशः सारखं करून घ्या. आधारातली दुरुस्ती व्हायला दिवस लागतात आणि जाहिरातीची मुदत त्यासाठी थांबत नाही.