हस्तकला-कक्ष, घरगुती

शिवण, भरतकाम, विणकाम, कागदकाम, चित्रकाम, मणीकाम, किरकोळ लाकूडकाम अशी हातकामे हौसेने करता यावीत म्हणून घरातच राखून ठेवलेली व त्यानुसार मांडलेली खोली किंवा खोलीचा भाग. बोलण्यात ‘क्राफ्ट रूम’ हा शब्द अधिक रुळला आहे. धंद्याच्या कार्यशाळेहून ही खोली दोन बाबतींत वेगळी. कार्यशाळेत ठरावीक काम ठरावीक क्रमाने होते; येथे एकमेकांशी न जुळणारी कामे आलटून-पालटून एकाच टेबलावर होतात, म्हणजे सकाळी ओला रंग आणि दुपारी पांढरे कापड. शिवाय हौसेचे काम तुकड्यातुकड्यांनी होत असल्यामुळे ते अर्धवट सोडून उठता येणे व परत येऊन तेथूनच पुढे सुरू करता येणे आवश्यक असते. ही सोय नसेल, तर कपाटे कितीही असली तरी ती खोली केवळ कोठार ठरते.

उगम : या खोलीचा उगम कशात मानावा याबाबत एकमत नाही. एक मत तिला औद्योगिक क्रांतीपूर्व घरगुती व्यवसायांशी जोडते. इंग्लंडमधील यॉर्कशरच्या विणकरांच्या घरांत वरच्या मजल्यावर ओळीने लांब खिडक्या असत व मागाला भरपूर उजेड मिळे. अशी घरे प्रामुख्याने अठराव्या शतकातील व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची आहेत. उजेडासाठी घराची रचना बदलण्याचे हे ठळक उदाहरण खरे. तथापि तेथील काम पोटासाठी होते, आणि राहण्याची जागा व कामाची जागा असा भेद त्या घरात फारसा नव्हता. दुसरे मत अठराव्या शतकातील सुखवस्तू यूरोपीय घरांतील शिवणाच्या छोट्या टेबलापासून आरंभ धरते. या टेबलाखाली रेशमी पिशवी लोंबत असे व अर्धवट काम तीत टाकून ठेवता येई. इलायस हाउ (पेटंट १८४६) व आयझॅक सिंगर (पेटंट १८५१) यांच्या शिवणयंत्रांनंतर ही हलती व्यवस्था अपुरी पडली. जड यंत्राला कायमची जागा लागली आणि त्याभोवती शिवणाची खोली आकाराला आली. तिसरे मत ही खोली दुसऱ्या महायुद्धानंतरच्या फुरसतीची व ‘स्वतः करा’ या वृत्तीची निर्मिती समजते.

यांपैकी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. हौसेची खोली हौस व पोटपाणी वेगळे झाल्यावरच संभवते, आणि अर्धे काम तसेच ठेवण्याची गरज शिवणाच्या टेबलात प्रथम स्पष्ट दिसते. तिसऱ्या मताचा भर साधनांच्या वैपुल्यावर आहे. त्या वैपुल्याने साठवणीचा प्रश्न उभा केला, खोली निर्माण केली नाही.

मांडणीचे शास्त्र मात्र स्वयंपाकघराकडून आले. कॅथरिन बीचर व हॅरिएट बीचर स्टो या अमेरिकन लेखिका-भगिनींनी १८६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गृहव्यवस्थेच्या पुस्तकात मोठी खोली विभागण्यासाठी चाकांवर सरकणारा, मागे कपाट जोडलेला पडदा सुचविला होता. एकाच खोलीत झोपणे व शिवणे दोन्ही करावे लागणाऱ्या घरांना ही युक्ती आजही उपयोगी पडते. अमेरिकन गृहव्यवस्था-लेखिका क्रिस्टिन फ्रेडरिक यांनी १९१२ पासून घरकामातील पावले मोजून साधनांचा क्रम ठरविण्याचा पुरस्कार केला. ऑस्ट्रियन वास्तुविशारद मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांच्या १९२६ च्या फ्रँकफुर्ट स्वयंपाकघरात हा विचार पूर्णत्वास गेला. ‘ज्या जागी वस्तू लागते त्याच जागी ती ठेवावी’ हा हस्तकला-कक्षाचा मूळ नियम तेथूनच आलेला आहे.

कामाचे टेबल : आखणीची सुरुवात टेबलापासून करावी. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी आधी डबे व कपाटे आणली जातात, आणि उरलेल्या जागेत बसेल तेवढे टेबल घेतले जाते. खोली फसण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे. बसून करावयाच्या कामाला ७०–७५ सेंमी उंची चालते. उभ्याने कापणे, आखणे अशा हलक्या कामाला टेबल कोपरापेक्षा १०–१५ सेंमी खाली, तर मणी ओवण्यासारख्या नजरेच्या कामाला कोपरापेक्षा ५–१० सेंमी वर असावे लागते. सरासरी उंचीच्या प्रौढ व्यक्तीला कापण्यासाठी ९० सेंमीच्या आसपासची उंची सोयीची ठरते. जेवणाच्या टेबलावर तासभर कापड बेतल्यावर कंबर धरते, ती याच फरकामुळे. दोन टेबले शक्य नसतील तर ७२ सेंमीच्या टेबलाच्या पायांखाली १८ सेंमी उंचीचे लाकडी ठोकळे देतात. ठोकळ्याला पाय बसेल असा सुमारे २ सेंमी खोल खड्डा कोरलेला असावा व त्या मानाने ठोकळा उंच घ्यावा, अन्यथा कापताना पाय घसरतो.

कापडाचा पन्हा सामान्यतः ११० किंवा १५० सेंमी असतो. ११० सेंमी पन्ह्याचे कापड पूर्ण पसरायचे, तर टेबलाची एक बाजू त्याहून मोठी हवी. टेबलाच्या खोलीला (पुढून मागे असलेल्या रुंदीला) मात्र मर्यादा आहे : बसल्या जागेवरून हात सहज ३५–४५ सेंमी व ताणून साधारण ६० सेंमीपर्यंत जातो. त्यामुळे भिंतीला टेकवलेले ९० सेंमी खोल टेबल मागच्या बाजूने हमखास पसाऱ्याचे होते. इतके खोल टेबल घ्यायचे तर ते तीन बाजूंनी मोकळे ठेवावे व भोवती किमान ७५–९० सेंमी वाट सोडावी. शिवणयंत्राचा पाट टेबलापेक्षा काही सेंमी वर येतो, म्हणून यंत्र टेबलात खाचेत बसवतात किंवा त्याचे टेबल मुळातच ठेंगणे घेतात. नाहीतर शिवताना खांदे उचललेले राहतात.

१९७९ मध्ये ओल्फा या जपानी कंपनीने चकती-पात्याचा कटर बाजारात आणल्यावर टेबलाचा वापर बदलला. कात्रीने कापताना कापड उचलले जाते, चकतीने कापताना ते टेबलावर सपाट राहते. त्यामुळे पट्ट्या व चौकोन एकावर एक ठेवून कापणे सोपे झाले, पण खाली पाते झेलणारी चटई (कटिंग मॅट) आली. ही चटई बहुधा पीव्हीसीची असते. उन्हात, गरम इस्त्रीखाली किंवा भिंतीला तिरकी टेकवून ठेवल्यास ती वाकते आणि एकदा वाकलेली चटई पुन्हा नीट सपाट होत नाही. ती आडवी पसरून किंवा पूर्ण उभी टांगून ठेवावी.

उजेड : बैठकीच्या खोलीत पुरेसा वाटणारा १००–२०० लक्स (उजेडाचे एकक) उजेड शिवणाला अपुरा पडतो. शिवण व कापणीला ५००–७५० लक्स, तर बारीक किंवा गडद रंगावरील कामाला १,००० लक्सच्या आसपास उजेड असावा. छतावरचे दिवे वाढवून हे साधत नाही, कारण कारागिराच्या डोक्याची सावली नेमकी कामावरच पडते. हलवता येणारा टेबलदिवा कामापासून ६० सेंमीवरून ३० सेंमीवर आणला की उजेड सुमारे चौपट होतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याला तो डावीकडून व डावखुऱ्याला उजवीकडून घ्यावा. रंग जुळविण्यासाठी दिव्याचा वर्णदर्शन निर्देशांक (सीआरआय; रंग किती खरे दिसतात त्याचे माप) ९० पेक्षा अधिक असावा. दिव्याखाली एकसारखे दिसणारे दोन दोरे दिवसाउजेडी वेगळे निघतात. दोहोंतील रंगद्रव्ये भिन्न असून त्या एका प्रकाशापुरतीच ती सारखी दिसलेली असतात. म्हणून शेवटची निवड खिडकीजवळ करण्याची जुनी सवय योग्यच आहे. मात्र रिळे तेथे ठेवू नयेत, कारण उन्हातील जंबुपार (अतिनील) किरणांनी दोरा विटतो व पुढे तुटकाही होतो.

साठवण : येथे दोन पक्ष आहेत. सर्व सामान डोळ्यांसमोर असावे असे एक पक्ष म्हणतो, सर्व झाकून ठेवावे असे दुसरा. उत्तर वस्तूवर अवलंबून आहे : हाताची अवजारे उघडी, आणि लोकर, कागद, कापड बंद.

फळ्यांची खोली ३० सेंमी पुरे. ६० सेंमी खोल फळीवर मागच्या रांगेत ठेवलेली वस्तू विसरली जाते व पुन्हा विकत आणली जाते. फळीची लांबी हा खरा नाजूक प्रश्न आहे. सारख्या पसरलेल्या भारामुळे फळीला येणारा झोल आधारांमधील अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो आणि जाडीच्या घनाने कमी होतो. म्हणजे आधारांतील अंतर ६० वरून ८० सेंमी केले, तर प्रत्येक सेंमीवरचा भार तेवढाच असूनही झोल तिपटीहून अधिक होतो. कागदाचे वजन सहसा कमी लेखले जाते. ए४ आकाराच्या ८० ग्रॅमी (दर चौरस मीटरला ८० ग्रॅम) कागदाचे ५०० तावांचे एक रीम अडीच किलोग्रॅम भरते. ८० सेंमी फळीवर पाच-पाच रिमांचे तीन गठ्ठे ठेवले की साडेसदतीस किलोग्रॅम भार होतो. १८ मिमी जाडीची पार्टिकल बोर्डची (लाकडाचा चुरा दाबून केलेली) फळी एवढ्या भाराखाली पहिल्याच दिवशी डोळ्यांना दिसेल इतकी वाकते. नंतरही तोच भार राहिल्यास विसर्पणामुळे (सततच्या भाराखाली हळूहळू वाकत राहण्यामुळे) झोल वाढत जातो व भार काढल्यावरही पूर्ण निघत नाही. यावर उपाय तीन : अंतर ६० सेंमीच्या आत ठेवणे, त्याच जाडीचे प्लायवूड वापरणे, किंवा फळीच्या पुढच्या कडेला ४० मिमी रुंदीची लाकडी पट्टी उभी चिकटवून स्क्रूने आवळणे. तिसरा उपाय स्वस्त व आश्चर्य वाटावे इतका परिणामकारक आहे.

अवजारांसाठी छिद्रित हार्डबोर्ड (लाकडाचे तंतू दाबून केलेला पातळ तक्ता), म्हणजेच पेगबोर्ड, सर्वत्र वापरतात. हार्डबोर्डचा शोध विल्यम मेसन यांनी १९२४ मध्ये अमेरिकेत लावला. छिद्रे पाडलेला प्रकार त्यानंतर, विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास घराघरांत पोचला. छिद्रे सामान्यतः एक इंच (२५.४ मिमी) अंतरावर असतात. बोर्डाच्या दोन प्रचलित जाड्या, सुमारे ३ व ६ मिमी, असून हुकही त्यानुसार वेगळे मिळतात. जाडीशी न जुळणारा हुक बोर्डात लडबडतो आणि कात्री काढताना तिच्याबरोबर हातात येतो. बोर्ड थेट भिंतीला ठोकल्यास हुकाचे वळलेले टोक आत जाण्यास जागा राहत नाही. म्हणून मागे १५–२० मिमी जाडीच्या पट्ट्या आधी लावतात, व फार तर ४०–५० सेंमी अंतराने, नाहीतर मधला भाग फुगतो. स्क्रूच्या डोक्याखाली रुंद वॉशर द्यावा. ओल असलेल्या भिंतीवर हार्डबोर्ड फुगतो व छिद्रांच्या कडा सुटतात; अशा ठिकाणी पत्र्याचा बोर्ड घ्यावा. प्रत्येक अवजाराची बाह्यरेषा बोर्डावर रेखाटण्याची युक्ती अमेरिकन पाककला-लेखिका ज्यूलिया चाइल्ड यांच्या स्वयंपाकघरामुळे सुपरिचित झाली (ते स्वयंपाकघर आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे). रेषेमुळे कोणते अवजार जागेवर नाही ते नजर टाकताच कळते.

डब्यांच्या प्लॅस्टिककडे फारसे कोणी पाहत नाही, ते पाहावे. तळाशी त्रिकोणात छापलेला अंक ५ (पॉलिप्रोपिलीन) किंवा २ (पॉलिएथिलीन) असलेले डबे बहुतेक सामानाला सुरक्षित. अंक ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. तो काचेसारखा स्वच्छ दिसतो म्हणून लोकप्रिय आहे. परंतु व्हिनाइलचा खोडरबर किंवा न भाजलेली पॉलिमर क्ले (भाजून कडक होणारी प्लॅस्टिकची माती) त्यात ठेवल्यास त्यांतील मऊ करणारे द्रव्य पाझरून डब्याचा तळ वितळल्यासारखा चिकट होतो. नॅप्थॅलिनच्या गोळ्यांनीही पॉलिस्टायरीन मऊ पडते. लोकरीला कसर लागू नये म्हणून गोळ्यांपेक्षा घट्ट बंद पिशव्या बऱ्या. शंका असलेली लोकर पिशवीत बंद करून −१८° से. तापमानात दोन आठवडे ठेवतात व पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडतात, अन्यथा दव धरते. कागद सापेक्ष आर्द्रता ४५–५५ टक्के असताना सपाट राहतो. साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतील आम्लामुळे चांगला कागद पिवळा पडतो, आणि रबरबँड तर काही वर्षांत चिकट होऊन डागच देतात.

कापडाची कात्री व कागदाची कात्री वेगळी ठेवण्याचा आग्रह हा नुसता संकेत नाही. कागदात चिनीमाती व कॅल्शियम कार्बोनेट ही खनिजे भरलेली असतात व ती पात्याची धार झिजवतात. कापडाच्या कात्रीच्या मुठीला रंगीत फीत बांधली की घरातील इतरांनाही ती ओळखू येते.

हवा, आग व वीज : फवाऱ्याचा गोंद, रबर सिमेंट (रबराचा गोंद), एपॉक्सी राळ यांसाठी समोरासमोर दोन उघड्या खिडक्या किंवा बाहेर हवा फेकणारा पंखा आवश्यक असतो, नुसता छताचा पंखा वाफ खोलीतच फिरवत राहतो. मातीकामातील कोरडी माती झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण तिच्या धुळीतील स्फटिकी सिलिका फुप्फुसांना घातक आहे. सायनोअ‍ॅक्रिलेटचा झटपट गोंद सुती कापडावर किंवा कापसावर सांडल्यास तापून भाजतो. जवसाचे तेल लागलेली फडकी चुरगळून डब्यात टाकणे हा या खोलीतील सर्वांत दुर्लक्षित धोका आहे. तेल सुकताना हवेतील ऑक्सिजन घेते व उष्णता सोडते. घडीत ती अडकून फडके आपोआप पेटू शकते. अशी फडकी बाहेर दोरीवर एकेरी पसरून वाळवावीत किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावीत.

इस्त्री व हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारे यंत्र) प्रत्येकी १,०००–२,००० वॉट घेतात, शिवणयंत्र १०० वॉटच्या आसपास. पहिली दोन एका एक्स्टेन्शन बोर्डावर एकाच वेळी लावू नयेत व एका बोर्डात दुसरा खुपसू नये. सॉकेट टेबलाच्या पातळीच्या वर घ्यावेत. जमिनीलगतच्या सॉकेटमुळे इस्त्रीची वायर पायांत येते.

जमीन गुळगुळीत व एका फिकट रंगाची असल्यास पडलेली सुई दिसते. गालिच्यात ती दिसत नाही, टोचल्यावर कळते. रोज काम आटोपल्यावर दांडीला बांधलेले लोहचुंबक जमिनीवरून फिरवतात. पोलादी टाचण्या त्याला चिकटतात, पितळी चिकटत नाहीत. पितळी टाचण्या वापरणाऱ्यांनी त्या कामापूर्वी व कामानंतर मोजाव्यात.