हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणजे कुस्ती-कराटे कायमचं बंद?

"जाळी बसवली की परत आखाड्यात उतरायचं नाही, जाळी फाटते" हे वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. (जाळी म्हणजे ऑपरेशनमध्ये पोटाच्या भिंतीतल्या कमजोर जागेवर आधाराला बसवतात ती.) भीती वाटणं साहजिकच आहे, पोटाचा मामला आहे. पण जांघेतल्या साध्या हर्नियात खरं असं नाहीये.

जाळी बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची (एक प्रकारचं प्लास्टिक) असते, सुरुवातीला ती टाक्यांवर किंवा तशाच आधारावर धरलेली असते आणि मग पुढच्या काही आठवड्यांत आपलेच टिश्यू तिच्या छिद्रांतून वाढतात आणि ती भिंतीत मुरते. म्हणून जपायचं ते सुरुवातीलाच. चालणं बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू करायला सांगतात, जड उचलणं साधारण 4 ते 6 आठवडे नाही, मग हळूहळू काता (कराटेतल्या ठरलेल्या हालचालींचा एकट्याने केलेला सराव), हलक्या किक, आणि फेकाफेकी, धोबीपछाड, स्पॅरिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) सगळ्यात शेवटी. मोठा किंवा परत झालेला हर्निया असेल तर जास्त वेळ लागतो.

खात्री करायची तर सर्जनला नुसतं "व्यायाम करू का" असं विचारू नका, डाव करून दाखवा, कुठे जोर पडतो ते सांगा. खोकताना फुगवटा दिसला किंवा दुखणं वाढत गेलं तर थांबा आणि लगेच दाखवा.