सेल्फ चेकआउट वेगळं, ‘स्कॅन अ‍ॅज यू शॉप’ वेगळं

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींत सुपरमार्केटचा विषय निघाला की एक जण म्हणतो, “ते सेल्फ चेकआउट नकोच,” आणि दुसरा म्हणतो, “मला तर त्याशिवाय जमत नाही.” पुष्कळदा दोघं दोन निराळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

सेल्फ चेकआउट म्हणजे दाराजवळ ओळीने उभी असलेली मशिनं. सगळी खरेदी झाल्यावर तिथे जायचं, एकेक वस्तू काचेसमोर धरायची आणि बीप वाजलं की शेजारी ठेवलेल्या पिशवीत टाकायची. त्या पिशवीखाली वजनकाटा असतो आणि लोकांचा बहुतेक वैताग त्या काट्यापाशीच आहे. कोणत्या बारकोडचं वजन किती, हे मशिनला ठाऊक असतं. ते जुळलं नाही की लाल दिवा लागतो आणि कर्मचारी येईपर्यंत सगळं ठप्प. घरून आणलेली जाड कापडी पिशवी मशिनला न सांगता ठेवली तरी तेच. सुट्या भाजीला बारकोडच नसतो, मग स्क्रीनवरच्या चित्रांत ती शोधत बसायची आणि मागे रांग वाढत जायची. इंग्रजीची सवय नसलेल्या आईवडिलांना त्या रांगेचं किती दडपण येतं, हे मी जवळून पाहिलंय. दारूची बाटली असेल तर वय तपासायला माणूस लागतोच.

ही तक्रार काही आपलीच नाही. उत्तर इंग्लंडमधल्या बूथ्स या साखळीने 2023 च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या 28 पैकी दोनच दुकानांत ही मशिनं ठेवून बाकीची काढायचं जाहीर केलं. ग्राहकांना ती संथ, बेभरवशाची आणि कोरडी वाटतात, असं त्यांनी सांगितलं. मला हा निर्णय मनापासून पटला.

टेस्कोचं ‘स्कॅन अ‍ॅज यू शॉप’ किंवा सेन्सबरीजचं ‘स्मार्टशॉप’ मात्र दारातच सुरू होतं. हातात धरायचं छोटं यंत्र घ्यायचं किंवा फोनवर अ‍ॅप उघडायचं. डाळीचं पाकीट उचललं की तिथेच स्कॅन करून थेट आपल्या पिशवीत. सुटी भाजी भाजीच्या विभागातल्या काट्यावर तोलायची, तिथे निघणारं स्टिकर स्कॅन करायचं. शेवटी उरतात फक्त पैसे भरायचे. खरी सोय अशी की बिल किती झालं ते प्रत्येक वस्तूगणिक दिसत राहतं. हात आखडून घर चालवणाऱ्या विद्यार्थ्याला याचा मोठा आधार आहे. वस्तू महाग वाटली तर यादीतून काढायची आणि जागेवर ठेवायची.

इथे पिशवीखाली काटा नाही, सगळा कारभार विश्वासावर. म्हणून अधूनमधून तपासणी होते आणि नीट रचलेलं सामान पुन्हा बाहेर काढावं लागतं. या पद्धतीबद्दल लोक चिडतात ते यावरून. ही तपासणी कुणाच्याही वाट्याला येऊ शकते, पण चारचौघांत पिशवी उपसली जाताना माणूस ओशाळतोच. कर्मचाऱ्याने आधी दोन शब्द नीट बोलावेत, एवढी अपेक्षा रास्त आहे.

गोंधळ होतो तो शेवटच्या टप्प्यामुळे. यंत्राने स्कॅन केलेल्या खरेदीचे पैसे अनेक दुकानांत त्याच दाराजवळच्या भागात भरतात, त्यामुळे लांबून सगळं एकच दिसतं. पावती मात्र दोन्हीकडे हाताशी ठेवा, काही दुकानांत ती स्कॅन केल्याशिवाय बाहेरचं फाटक उघडत नाही.