व्हीडीआरएल चाचणीतला मेद आणि पेशीची वाढ

गरोदरपणातल्या रक्ततपासणीच्या चिठ्ठीवर बहुधा 'व्हीडीआरएल' लिहिलेलं असतं. सिफिलिस, म्हणजे गरमी, आहे का हे बघणारी ही चाचणी. तिच्यात वापरला जाणारा मुख्य मेद म्हणजे कार्डिओलिपिन. १९४२च्या सुमारास मेरी पँगबॉर्न यांनी तो गुरांच्या हृदयातून वेगळा काढला, म्हणून नाव हृदयावरून पडलं.

शरीरात हा मेद जवळजवळ सगळा तंतुकणिकांच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांच्या, आतल्या पटलातच सापडतो. तिथल्या मेदांत त्याचा वाटा साधारण पाचवा हिस्सा. एरवी पटलातल्या मेदांच्या रेणूला दोन शेपट्या असतात. याला चार, आणि डोकं त्या मानानं लहान. त्यामुळे पटलाच्या घड्या जिथे एकदम वळतात तिथे तो चपखल बसतो. श्वसनसाखळीतली, म्हणजे पेशीसाठी ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेतली, प्रथिनंही त्याच्याच आधारानं एकत्र राहतात.

म्हणजे हा मेद नसेल तर ऊर्जा कमी, आणि ऊर्जा कमी म्हणून वाढ खुंटते, असंच कुणालाही वाटेल. पावाच्या यीस्टनं मात्र हा सरळ हिशेब मोडला. ग्लुकोज मिळालं की यीस्ट ते आंबवून पोट भरतं. तंतुकणिकांच्या ऊर्जेवाचून त्याचं फारसं अडत नाही. तरीही कार्डिओलिपिन आणि त्याच्या आधीच्या टप्प्यावर बनणारा फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल, हे दोन्ही मेद बंद पाडले की ३७ अंश सेल्सिअसला यीस्ट समोर ग्लुकोज असूनही वाढत नाही. त्याची पेशीभित्तिकासुद्धा कच्ची राहते, आणि ती तर तंतुकणिकेपासून कितीतरी लांब!

मला यातली सगळ्यात महत्त्वाची कडी लोह आणि गंधकाच्या पुंजक्यांची वाटते. ते बनायला सुरुवात तंतुकणिकेत होते, आणि डीएनएची नक्कल करणाऱ्या काही विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, ते लागतातच. कार्डिओलिपिन नसलेल्या यीस्टमध्ये हे काम अडखळतं. नक्कल रखडली तर पेशी दुभंगणार कशी?

माणसात हा प्रश्न बार्थ सिंड्रोममध्ये दिसतो. डच डॉक्टर पीटर बार्थ यांनी १९८३ मध्ये त्याचं वर्णन केलं. यात कार्डिओलिपिनला योग्य शेपट्या जोडणारं टॅफॅझिन हे प्रथिन बिघडतं. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यानं आजार बहुतेक मुलग्यांना होतो: हृदय दुबळं, स्नायू अशक्त, उंची वयाच्या मानानं कमी. कार्डिओलिपिनला चिकटणाऱ्या एलामिप्रेटाइड या औषधाला अमेरिकेत २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, पण किमान ३० किलो वजन असलेल्या रुग्णांसाठी. मुळात वाढच मागे पडलेल्या या मुलांना ती अट जाचकच म्हणायची.